बाबांचा कान

धामणाच्या लाकडाला वाफ लागली की जो वास सुटतो तो कशासारखा असतो, हे मला आजवर कुणालाही धड सांगता आलेलं नाही. नवऱ्याला सांगून पाहिलं, मुलाला सांगून पाहिलं; दोघांनीही ऐकल्यासारखं केलं. भिजलेलं पोतं आणि उकडलेलं रताळं एकत्र केलं तर त्याच्या जवळपास जाता येईल. आमचं घर उत्तर नागपुरातल्या एका गल्लीच्या अगदी टोकाला होतं, खोल्या दोन आणि अंगण खोल्यांच्या तिप्पट. त्या अंगणात पत्र्याची एक लांबट पेटी, तिला नळीनं जोडलेला पाण्याचा ड्रम, ड्रमखाली चूल, आणि कुंपणाच्या कडेनं जमिनीत पुरलेले आठ ओंडके. प्रत्येक ओंडक्यावर एक गोल फर्मा ठोकलेला. या फर्म्यांवर माझे बाबा डफाचे घेरे वाकवत. डफ पाहणाऱ्याचं लक्ष कातड्याकडे जातं, पण कातडं ज्याच्यावर ताणलेलं असतं तो लाकडाचा घेरा एका सलग पट्टीचा असेल तर डफ वेगळाच बोलतो. आमच्या वस्तीतल्याच काय, पार काटोल-भिवापूरकडच्या गायन पार्ट्याही बाबांकडून घेरे नेत आणि कातडं आपलं आपण चढवत.

पट्टी वाकवणं हे एकट्याचं काम नव्हतं. तासभर वाफेत राहिलेली पट्टी पेटीतून काढली की वीस आकडे मोजेपर्यंत ती आपलं ऐकते, नंतर हट्टाला पेटते. तेवढ्या वेळात बाबा तिच्या बाहेरच्या अंगाला पातळ लोखंडी पात लावत, कारण लाकूड वाकताना बाहेरून ताणलं जातं आणि तुटायचं झालं तर तिथूनच तुटतं. मग एक टोक फर्म्याला अडकवून, दुसरं टोक दोन्ही हातांनी ओढत ते ओंडक्याभोवती एक फेरी घालत. त्यांच्या मागोमाग, पावलापावलाला पाचर ठोकत मी. आधी पाचरी ठोकायला काका होते, बाबांचे धाकटे भाऊ. ते चंद्रपूरकडे खाणीत लागले, आणि मी बारावी होऊन घरीच बसले होते, म्हणून हातोडी माझ्याकडे आली. हातमोज्यांतूनही चटका बसायचा. फेरी पूर्ण झाली की बाबा एक लांब श्वास सोडत आणि मी पुढच्या ओंडक्याकडे जाई. त्या दोन वर्षांत मी बाबांच्या पाठीमागून किती फेऱ्या मारल्या असतील कोण जाणे, पण त्यांचा चेहरा आठवायला बसले की मला आधी त्यांची पाठच दिसते.

बाबा अबोल होते असं म्हणणंसुद्धा त्यांना बोलकं ठरवण्यासारखं आहे. आई घरी असती तर घरात आवाज असता, पण आई नरखेड तालुक्यातल्या एका गावी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायची, शनिवारी संध्याकाळी एसटी मिळेल तेव्हा यायची. तिथे दीडशे मुलींना वाढायची आणि इथे तिची एकुलती एक मुलगी ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा घेऊन बापासमोर बसायची. जेवताना दोघांच्या चावण्याचा आवाज ऐकू येई. बाबांच्या मायेची एकच पद्धत होती: सकाळी चूल पेटवताना फडक्यात दोन रताळी बांधून ते पेटीच्या मागच्या तोंडाशी ठेवत, आणि दुपारी न बोलता माझ्या हातात देत. त्या रताळ्यांना धामणाचा वास यायचा. गल्लीतल्या माझ्या वयाच्या पोरी कॉलेजला जाताना कुंपणावरून आत बघत, मी घामानं निथळत हातोडी घेऊन उभी असे, आणि त्या पुढे जात. मला फार एकटं वाटायचं. तेव्हा हे म्हटलं असतं तर कुणी नावं ठेवली असती, आता म्हणायला हरकत नाही.

शनिवारची मी सकाळपासून वाट बघायची. पण आई आल्याचं मला कधीच आधी कळलं नाही. बाबा हातातलं काम अर्धं टाकून आत जात आणि चहाचं आधण ठेवत, की समजायचं, आईच्या चपला गल्लीच्या तोंडाशी आल्या. मी कितीही कान दिला तरी मला फक्त सायकली, कुत्री आणि कुणाचातरी रेडिओ ऐकू येई. पाणी उकळायला लागे तेव्हा फाटक वाजे आणि आई आत येई, पिशवीत मोसंबी नाहीतर संत्री, केसांना एसटीची धूळ. चहा तयार असे. आईला याचं काही नवल उरलं नव्हतं. ती म्हणायची, ह्या माणसाच्या तोंडाचं सगळं देणं कानाले मिळालं आहे.

त्या कानावरच आमचं घर चालत होतं. वाकवलेला घेरा फर्म्यावर किती दिवस ठेवायचा याचा बाबांनी कधी हिशेब केला नाही. उन्हाळ्यात सहा दिवस, पावसाळ्यात बारा, असं इतर कारागीर सांगत. बाबा दिवस मोजत नसत. रोज सकाळी, चहाच्याही आधी, ते आठही ओंडक्यांपाशी जाऊन प्रत्येक घेऱ्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत. आत ओल असेल तर लाकूड थप वाजतं, ओल गेली की टण्ण वाजतं. थप आणि टण्ण यांच्या मधे बाबांना आणखी चार-पाच आवाज ऐकू येत, ते मला हळूहळू कळू लागले होते. घेरा टण्ण वाजला तरच पाचरी निघत. ओला घेरा फर्म्यावरून काढला तर तो त्या दिवशी गोलच दिसतो, महिन्याभरानंही दिसतो. मग ऊन तापलं की आपली जुनी सरळ चाल आठवून तो उघडायला लागतो, अंड्यासारखा होतो, आणि त्यावरचं कातडं ढिलं पडतं. बाबांचा घेरा कधी उघडला नव्हता. लोक त्यांच्या कारागिरीचं नाव घेत नसत, त्यांच्या कानाचं घेत. अमक्याचा हात आणि तमक्याचा कान, अशी त्या धंद्यात माणसं ओळखली जात.

हे लिहिताना माझ्या स्वतःच्या कानात यंत्र आहे. गेल्या वर्षी मुलानं पुण्याहून येऊन बसवून दिलं. ते बसवण्याआधी दोन वर्षं तो फोनवर माझ्याशी ओरडून बोलायचा, सून ओरडायची, खालचा भाजीवाला ओरडायचा. ओरडून बोलणाऱ्या माणसाजवळ आपण मनातलं काही सांगत नाही, हे मला या वयात कळलं. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या फ्लॅटमधून मेट्रो जाताना दिसते, तिचा आवाज यंत्रामुळे जरा जास्तच येतो. मी यंत्र काढून ठेवते आणि मग मला बाबांची आठवण येते.

वर्ध्याला नर्सिंगला माझा नंबर लागला तो आईमुळे. अर्ज तिनं आणला, वसतिगृहाच्या बाईंकडून भरून घेतला, आणि निवडीचं पत्र आलं तेव्हा बाबांना वाचून दाखवायलाही तीच होती. मी बाबांकडे बघत होते. मी गेले की पाचरी कोण ठोकणार, हा प्रश्न अंगणाएवढा मोठा होता आणि कुणी काढत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, मी नाही जात. बाबा म्हणाले, "तू जा. मी पाहून घेईन." बस्स, एवढंच. आई मात्र चिडली. दीडशे पोरींले मी वाढून राहिली ते तुनं इथं वाफ खावी म्हणून का, असं म्हणाली, आणि विषय संपला.

पण नेमकं तेव्हाच मेश्रामकाकांचं काम आलं होतं. मेश्रामकाका एका गायन पार्टीचे म्होरके, बाबांचे जुने स्नेही. दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीवर दूरदूरची माणसं येतात, त्या वेळी गाण्यासाठी त्यांना आणि त्यांच्या ओळखीच्या पार्ट्यांना मिळून चोवीस नवे डफ हवे होते. चोवीस घेरे, आठ फर्मे, म्हणजे तीन फेर. मला निघायला सव्वीस दिवस होते आणि पावसाळा धो धो चालू होता. दोन फेर होतील, तिसऱ्याच्या वेळी मी नसेन. बाबांना त्याची चिंता वाटत नव्हती, किंवा ते दिसू देत नव्हते. मी मात्र रोज तोच हिशेब करत झोपायची. मी गेल्यावर आठ कोऱ्या पट्ट्या आणि रिकामे ओंडके घेऊन हा माणूस अंगणात एकटा उभा आहे, असं मला सारखं दिसायचं.

त्यात बाबांना ताप आला. एक दिवस हुडहुडी, एक दिवस बरे, असा तो ताप. डॉक्टरांनी कडू गोळ्या दिल्या आणि त्या गोळ्यांनी बाबांच्या कानात रातकिडे बसले. बऱ्या दिवशी ते फेरी घालायला उठत, पण टकटक करून त्यांना काही उमजेना. एका सकाळी ते पहिल्या ओंडक्यापाशी उभे राहिले, बोटानं ठोकलं, पुन्हा ठोकलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माया कान वाजून राहिला. तू पाह्य." मी पुढे झाले. त्यांनी आयुष्यात हे काम कुणाला दिलं नव्हतं, काकांनासुद्धा नाही. मी प्रत्येक घेऱ्याला कान लावून ठोकलं, ते पायरीवर घोंगडी पांघरून बसून माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं की मला निवडीचं पत्र मिळालं ते हेच.

पहिल्या फेराला आठवा दिवस होता. घेरे थप वाजत होते. अगदी भिजलेलं थप नाही, पण थपच. बाबांनी विचारलं, "वाजला का?" आणि मी म्हटलं, "वाजला." माझी ऐकण्यात चूक झाली नव्हती. आठ दिवसांचा एक असे तीन फेर केले तर चोवीस दिवसांत सगळं संपतं, हा हिशेब माझ्या डोक्यात तयार होता. मी माझ्या हातांनी पाचरी काढल्या, टोकं जुळवून सरस लावला, तांब्याचे खिळे मारले. दुसऱ्या फेराला तेच, तिसऱ्याला तेच. प्रत्येक वेळी ते विचारत, वाजला का, आणि मी म्हणे, वाजला. मी निघाले त्या दिवशी चोवीस घेरे भिंतीवर ओळीनं टांगलेले होते, एकजात गोल. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझी ट्रंक उचलून बसस्टँडपर्यंत आले. मी बसमध्ये खूश होते. आपण बापाचं काम फत्ते करून चाललो आहोत, असं मला वाटत होतं. या खुशीची मला आज जेवढी लाज वाटते तेवढी त्या खोटेपणाचीही वाटत नाही.

वर्ध्याच्या हॉस्टेलबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एका खोलीत सहाजणी होतो, आणि मला बोलायची सवय नव्हती. रात्रपाळी, दिवसपाळी, फिनेलचा वास. आईची पोस्टकार्डं येत. बाबा बरे आहेत, ताप गेला, एवढंच त्यात असे. ऑक्टोबरचं ऊन तापलं तेव्हा दुपारच्या पाळीला मला एकदा उगाचच घेरे आठवले, आणि मी ती आठवण बाजूला सारली. मेश्रामकाकांनी काही म्हटलं असतं तर कळलं असतं, असं स्वतःला सांगितलं.

दिवाळीच्या सुट्टीत शुक्रवारी दुपारी घरी आले. फाटकातूनच दिसलं की पेटी भिंतीला उभी करून ठेवली आहे आणि ड्रमखालच्या चुलीत तरोटा उगवला आहे. बाबा एका फर्म्यापाशी पाठ करून बसले होते. शेजारच्या मावशी कुंपणावरून ओरडल्या, "पोरगी आली गा तुमची!" मला वाटलं भांडण आहे की काय. मावशी माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, जोरानं बोल बाई, आता त्यायले ऐकू येत नाही. मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या पुढ्यात पत्त्याच्या पानांएवढ्या पातळ पट्ट्यांची चळत होती. एकेका पट्टीला पांढरा गोंद फासायचा, एकावर एक ठेवून फर्म्यावर लपेटायच्या आणि शिकंजे आवळून टाकायचे. पातळ पट्टी हातानंच वळते, तिला वाफ लागत नाही आणि दुसरं माणूसही लागत नाही. गोंद वाळला की घेरा तयार. त्याला वाजवून बघायची गरज नाही, घड्याळ बघितलं की झालं. चिकटवलेल्या कामाला बाबा पूर्वी काम म्हणत नसत. मी ओरडूनच विचारलं, वाफ काहून बंद केली? ते म्हणाले, "हे एकट्यानं होते." मला हायसं वाटलं, आणि वाईटही वाटलं, आणि कशाचं जास्त ते मी तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी किराणा आणायला गेले तर दुकानाशी मेश्रामकाका भेटले. जयभीम झाला, वर्ध्याची चौकशी झाली. मग ते म्हणाले, बाबाले जप पोरी, लई मनाले लावून घेतलं त्यानं. मी विचारलं, काय लावून घेतलं? तेव्हा त्यांनी सांगितलं. दसऱ्याला पंधरा दिवस उरले असताना पहिला डफ उघडला, मग दुसरा, मग आठवड्याभरात सगळेच. कातडी लोंबायला लागली. ते तक्रार घेऊन येणार त्याच्या आधी बाबाच त्यांच्या दारात उभे राहिले, हातगाडी घेऊन. चोवीसच्या चोवीस घेरे परत मागून नेले. पार्टीनं उसने डफ आणून गाणं भागवलं. "त्यानं मले सांगतलं, तापात माया कान गेला गा, थप का टण्ण मले समजलं नाही," मेश्रामकाका म्हणाले. "मी म्हटलं, पोरीले विचारायचं होतं. तर म्हणे, पोरीनं हात नाही लावला, मीच वाजवले." मग ते म्हणाले की कान गेलेल्या माणसाला आता वाफेचं काम कोण देणार, म्हणून बिचारा गोंदावर आला.

मी किराण्याची पिशवी घेऊन घरी आले. गल्ली तीच, पण मला कुणाशी नजर मिळवता येईना. बाबा अंगणात गोंद फासत होते. मी पायरीवर बसून राहिले. उन्हं उतरली. बाबांची पाठ माझ्याकडे होती आणि मी तिच्याकडे बघत विचार करत होते की नर्सिंग शिकते आहे तर हा कान दाखवायला कुठे न्यावा, गोळ्यांनी गेलेला कान परत येतो का, हे माझ्यामुळे झालं नाही ते तापामुळे झालं, असलं काहीबाही. गल्लीत सायकली वाजत होत्या. तेवढ्यात बाबांनी गोंदाचा ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले, उठले, माझ्या शेजारून आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं.

पाणी उकळायला लागलं तेव्हा फाटक वाजलं. आई आत आली आणि दारातूनच घसा ताणून ओरडली, कसे आहा, ताप नाही ना आला पुन्हा? बाबांनी कानाला हात लावून, काय, असं विचारलं. आईनं पुन्हा ओरडून विचारलं. त्यांनी मान हलवली आणि तिला चहा दिला. मी भिंतीला टेकून दोघांना पाहत होते. बाबांनी आईलाही खरं सांगितलेलं नव्हतं. तिला सांगितलं असतं तर तिनं मला एक शब्द तरी ऐकवलाच असता, आणि तो शब्द कुंपणापलीकडे गेला असता. म्हणून हा माणूस स्वतःच्या घरातसुद्धा बहिरा झाला होता. बायको आठवड्यातून एक दिवस येते आणि त्या एका दिवशी ती त्याच्याशी ओरडून बोलते, हे त्यानं पत्करलं होतं. तिला चहा तयार मिळाला याचं नेहमीसारखंच काही वाटलं नाही. तिची ती सवय इतकी जुनी होती की त्यातली चूक तिला दिसली नाही, आणि बाबांची सवय इतकी जुनी होती की ती त्यांना लपवता आली नाही.

रविवारी सकाळी आई विहारात वंदनेला गेली. बाबा फर्म्यापाशी बसले होते, पाठ माझ्याकडे, मधे दहा-बारा पावलांचं अंतर. शेजारी कुणाचातरी नळ वाहत होता. मी आवाज अजिबात चढवला नाही. उलट, स्वतःशी बोलावं तेवढ्याच आवाजात म्हटलं, "बाबा, तिन्ही वेळा थप वाजलं होतं. मले समजलं होतं. तरी मी काढले."

त्यांचे हात थांबले. गोंदाचा एक थेंब ब्रशवरून खाली पडला. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले, जशी दोन वर्षं राहिले होते.

"मले ऐकू येत नाही," ते तितक्याच हळू आवाजात म्हणाले. "तुले मालूम आहे ना." आणि वळून न बघता हात मागे करून त्यांनी शिकंजा मागितला.